रंगवलेला ओटा किती टिकतो?

अमेरिकेत आणि कॅनडात दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या असंख्य घरांत स्वयंपाकाचा ओटा दगडाचा नसतो. लाकडाचा भुसा दाबून केलेला पाऊण इंच जाडीचा पार्टिकल बोर्ड आणि त्यावर चिकटवलेला जेमतेम सव्वा मिलिमीटरचा लॅमिनेटचा ताव, एवढाच तो ओटा. हे लॅमिनेट म्हणजे आपली सनमायकाच. आपल्याकडे ती कपाटांच्या दारांवर, ट्रॉल्यांच्या शटरांवर आणि कचेऱ्यांतल्या टेबलांवर दिसते. ओट्यावर मात्र कडाप्पा नाहीतर ग्रॅनाइट. तिकडे सांडलेला चहा, ओली भांडी, सुरीचे ओरखडे, गरम पातेलं हे सगळं त्या पातळ तावालाच सोसावं लागतं. वीस-तीस वर्षांत त्याची चमक जाते, शेगडीजवळ एखादा डाग पडतो, सिंकजवळची कड उचलली जाते. बरेचदा तर ओट्याला काहीच झालेलं नसतं, फक्त त्याचा तो जुना रंग घरच्यांच्या डोळ्यांना नकोसा झालेला असतो. मग प्रश्न येतो, हा ओटा काढून टाकायचा की त्यालाच रंग द्यायचा?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जुनं घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो, आणि आपल्या स्वयंपाकाची रीत पाहता तो त्यांच्यासाठी अधिक अवघड आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. माझं मत आधीच नोंदवतो: रंग लावता येतो, आणि नीट लावला तर काही वर्षं देखणा राहतो. त्याने नवा ओटा घेण्याची वेळ पुढे जाते. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा धरू नये.

मुळात हा पदार्थ स्वयंपाकघरासाठी जन्मलेलाच नाही. वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोघांनी तो विजेच्या यंत्रांसाठी विद्युतरोधक म्हणून घडवला. तोवर त्या कामाला अभ्रक वापरत; अभ्रकाला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘मायका’ला पर्याय (‘फॉर मायका’) म्हणून त्यांनी फॉर्मिका हे नाव घेतलं आणि १९१३ साली सिनसिनाटीत स्वतःची कंपनी काढली. लिओ बेकलंडने शोधलेलं बेकलाइट तेव्हा नवं होतं. त्याच जातीच्या रेझिनमध्ये कागद भिजवून, थरावर थर रचून, तापवून दाबला की धातूसारखा टणक तक्ता मिळे. १९२७ च्या सुमारास त्यावर लाकडासारखी छापील नक्षी आणता आली आणि १९३८ पासून वरच्या थरासाठी मेलामाइन वापरात आलं. मेलामाइन पारदर्शक, कडक आणि डागांना दाद न देणारं. युद्ध संपलं, घरबांधणीला वेग आला आणि ही सामग्री अमेरिकेच्या स्वयंपाकघरात शिरली ती कायमची. १९५६ साली टेक्सासमधल्या टेंपल गावी राल्फ विल्सन यांनी विल्सनार्ट कंपनी सुरू केली. त्यांनी १९५९ साली स्वतःसाठी बांधलेलं घर आज ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेलं आहे. त्यात ओटेच काय, न्हाणीघराच्या भिंतीही लॅमिनेटच्या आहेत. कुणाच्या घरात त्या काळातलं, बूमरँगच्या आकृत्यांचं लॅमिनेट शाबूत असेल तर त्यावर रंगाचा ब्रश टेकवू नये. ती मूळ नक्षी रंगाखाली गेली की परत वर येत नाही.

आता रंग का टिकत नाही ते पाहू. लॅमिनेटच्या पोटात तपकिरी क्राफ्ट कागदाचे अनेक थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले असतात, त्यावर नक्षीचा कागद, आणि सर्वांत वर मेलामाइनचा कडक थर. चौरस सेंटिमीटरला सत्तरेक किलो किंवा त्याहून जास्त दाब आणि १३० ते १५० अंश सेल्सिअस तापमान यांखाली हे सगळं एकजीव होतं. त्या भट्टीत रेझिनचे रेणू एकमेकांत असे गुंफले जातात की तो थर पुन्हा वितळत नाही आणि घरातल्या कुठल्याही द्रावकात विरघळत नाही. लाकडात रंग मुरतो, गिलाव्यात मुरतो. इथे मुरायला छिद्रच नाही. त्यात ओट्यावर वर्षानुवर्षं तेलाची वाफ बसून तिचा चिवट थर झालेला असतो, आणि चमक यावी म्हणून कुणी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असेल तर रंग त्यावर थेंबाथेंबांनी गोळा होतो. ज्या गुणामुळे लॅमिनेट डाग धरत नाही, त्याच गुणामुळे ते रंगही धरत नाही.

म्हणून या कामात रंगाच्या डब्यापेक्षा त्याआधीची तयारी मोलाची, आणि जिथे जिथे पोपडे निघतात तिथे बहुधा तयारीच तोकडी पडलेली असते. आधी ओटा भांडी घासण्याच्या साबणाने नव्हे तर तेल तोडणाऱ्या क्लीनरने धुवायचा. रंगारी पूर्वीपासून ट्रायसोडियम फॉस्फेट वापरत आले आहेत. धुतल्यावर साध्या पाण्याने दोनदा पुसून काढायचं, कारण क्लीनरचा अंश मागे राहिला तर तोच रंगाचा शत्रू ठरतो. सिंकभोवतीचं आणि भिंतीच्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन पात्याने खरवडून पूर्ण काढायचं. सिलिकॉनवर कुठलाच रंग बसत नाही. टवके उडाले असतील तिथे दोन घटकांची, गाडीच्या पत्र्याला वापरतात तसली लांबी भरायची. मग १२० ते १५० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळा पृष्ठभाग घासायचा. किती घासायचा? चमक पूर्ण जाऊन तो सगळीकडे सारखा मंद दिसेपर्यंत. नक्षी खरवडून तपकिरी कागद उघडा पाडण्याची गरज नाही. घासताना उडणारी धूळ रेझिनची असते, तेव्हा तोंडाला चांगला मास्क हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात. त्यानंतर व्हॅक्यूम, मग अल्कोहोलने ओलं केलेलं स्वच्छ फडकं.

इथे एक सोपी परीक्षा आहे, ती कुणीही चुकवू नये. घासलेल्या भागावर थोडं पाणी पसरा. पाण्याची सलग पातळ चादर राहिली तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. चादर फाटून थेंब सुटे झाले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा.

अस्तर साधं भिंतीचं चालत नाही. चकचकीत पृष्ठभागांना धरणारं बॉंडिंग प्रायमर लागतं. त्यात दोन घराणी आहेत: पाण्यात मिसळणारी युरेथेन-ॲक्रिलिक जातीची अस्तरं, आणि शेलॅकची, म्हणजे लाखेची. न्यूयॉर्कच्या झिन्सर कंपनीने १८४९ पासून लाखेच्या धंद्यावरच नाव कमावलं. लाखेचं मोठं उत्पादन आजही भारतात, मुख्यतः झारखंड आणि छत्तीसगडच्या पट्ट्यात होतं, आणि अमेरिकेतला रंगारी सनमायकेवर रंग बसवायला तिचाच आधार घेतो ही गोष्ट मला फार आवडते. लाख झटपट वाळते आणि गुळगुळीत पृष्ठभागाला विलक्षण घट्ट धरते. पण ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि अमोनियाच्या क्लीनरने मऊ पडते, म्हणून तिच्यावर मजबूत वरचा थर अत्यावश्यक.

वरच्या रंगांचे तीन मार्ग आज बाजारात दिसतात. पहिला सर्वांत स्वस्त: चांगल्या प्रतीचा ॲक्रिलिक इनॅमल रोलरने दोन हात, आणि वर पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे तीन-चार हात. तो आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांत उरकतो, आणि ओट्यावर सगळ्यांत लवकर हार मानतो. दुसरा मार्ग तयार किटचा. रस्ट-ओलियमच्या किटमध्ये आधी चिकट तळथर लावून, तो ओला असतानाच रंगीत कणांचा सडा घालतात, मग वाळल्यावर तो घासून सपाट करतात आणि दोन घटकांचा पारदर्शक थर देतात. कण आणि तो थर मिळून जाडी येते, डाग लपतात, ओरखडाही लगेच दिसत नाही. जियानी कंपनीच्या किटमध्ये स्पंजने दोन-तीन रंगांचे ठिपके देऊन ग्रॅनाइटचा भास आणतात. कॅनडाच्या डाइक कंपनीचं मिश्रण दगडाच्या भुकटीचं असतं. या किटांपैकी ज्यांचा वरचा थर दोन घटकांचा असतो ते टिकाऊपणात पुढे राहतात, कारण असा थर रासायनिक क्रियेने घट्ट होतो. नुसतं पाणी उडून वाळणारा थर तेवढा कठीण होत नाही.

तिसरा मार्ग ओतीव इपॉक्सीचा. खाली रंगाच्या रेषा ओढून संगमरवर चितारायचा, वर इपॉक्सी ओतून ती आपसूक सपाट होऊ द्यायची, बुडबुडे उष्ण हवेने फोडायचे. पहिल्या दिवशी यासारखा सुंदर ओटा दुसरा नाही. पण इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, घासलं की तिच्यावर बारीक वर्तुळं उमटतात. कच्ची इपॉक्सी हाताला वारंवार लागली तर त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे हातमोजे हवेतच.

या तिन्ही मार्गांना एक गोष्ट समान आहे आणि लोक नेमके तिथेच घाई करतात. रंग हाताला कोरडा लागणं वेगळं आणि पक्का होणं वेगळं. पाण्यातले रंग पूर्ण पक्के व्हायला बरेचदा तीन-चार आठवडे घेतात. त्या काळात ओट्यावर मिक्सर ठेवला तर त्याच्या रबरी पायांचे चार ठसे रंगात कायमचे बसतात. मिक्सर उचलताना रंगाचा पापुद्राही बरोबर येतो. डब्यांचे तळ, ओलं फडकं, भाजी निवडायचं वर्तमानपत्र, सगळ्यांचं हेच होतं. चार जणांच्या घरात महिनाभर ओटा जपणं सोपं नाही, आणि हा महिना जो जपू शकत नाही त्याने हे काम सुट्टीला जोडून करावं.

आता आपल्या स्वयंपाकाकडे येऊ, कारण रंगवलेल्या ओट्यांबद्दलचा बहुतेक सल्ला सॅलड, सँडविच आणि ओव्हनच्या घरांसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे तीन गोष्टी वेगळ्या आहेत: उष्णता, हळद आणि पाणी.

उष्णतेचं गणित सरळ आहे. चांगलं लॅमिनेट थोडा वेळ १३५ अंशांपर्यंत तग धरतं. शिट्टी देणाऱ्या कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि पुऱ्या तळण्याचं तेल १८० च्या घरात. म्हणजे कढई थेट लॅमिनेटवरच ठेवू नये, मग रंगाची काय कथा. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ पडतो, आणि नेहमीची ओतीव इपॉक्सी तर ५०-६० अंशांनंतर नरम होऊ लागते. ओट्यांसाठी खास बनवलेल्या इपॉक्सी याहून जास्त सोसतात, पण नुकता गॅसवरून उतरवलेला तवा त्यांच्यावरही ठेवण्याची वस्तू नाही. रंगवलेल्या ओट्यावर लोखंडी जाळी किंवा लाकडी पाट कायम ठेवलेला असला पाहिजे. तो घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्यांनीसुद्धा, वापरला पाहिजे. हे ज्या घरात जमणार नाही, तिथे निदान शेगडीच्या दोन्ही बाजूंचा फूट-दीड फूट भाग रंगवण्याऐवजी तिथे दगडाची किंवा टाइलची फरशी बसवावी.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. फोडणीचा थेंब उडाला की तेल त्याला रंगाच्या थरात घेऊन जातं. मेलामाइन हा डाग वरच्यावर सोडून देतं, पण पाण्यातल्या रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर त्याला आत घेतो. कर्क्युमिन उजेडाने विटतं, म्हणून खिडकीखालचा डाग काही दिवसांत फिकट होतो; अंधाऱ्या कोपऱ्यातला तसाच राहतो. डाग तत्काळ पुसणं हा एकच खरा उपाय. आणि रंग निवडताना पांढऱ्याशुभ्र ओट्याचा मोह टाळावा. राखाडी किंवा ठिपक्यांचा दगडी रंग अशा घरात अधिक काळ चांगला दिसतो.

पाणी हा तिसरा आणि सर्वांत मोठा शत्रू. रंग पहिल्यांदा सुटतो तो बहुधा सिंकच्या कडेला. तिथे सिंकच्या किनारीखालून, सांध्यातून पाणी पार्टिकल बोर्डात शिरतं. ओला बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. फुगलेल्या बोर्डावरचं लॅमिनेट उचललं जातं, मग त्यावरचा रंग फाटतो, आणि लोक दोष रंगाला देतात. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून बोर्ड खालून दाबून पाहा. तो मऊ किंवा फुगलेला लागला तर रंगाचा विचारच सोडून द्या. तो ओटा रंगाने सुधारण्याच्या पलीकडे गेलेला आहे.

अन्नाच्या सुरक्षिततेबद्दल लोक विचारतात ते योग्यच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा खाद्यपदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या थरांबद्दल वेगळा नियम आहे, आणि काही उत्पादक आपला थर पूर्ण पक्का झाल्यावर त्यात बसतो असं सांगतात. त्यातला ‘पूर्ण पक्का झाल्यावर’ हा भाग विसरू नये. तरीही ओट्यावर थेट पोळ्या लाटणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं बंद करावं. पोळपाट आणि विळी-पाट कशासाठी आहेत?

एक किंमत कुणी आधी सांगत नाही: बिघडलेला रंग काढण्याची. अर्धवट सुटलेल्या पोपड्यांवर नवा रंग बसत नाही, जुना सगळा उतरवावा लागतो. पूर्वी त्यासाठी मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर सर्रास मिळत. त्याच्या वाफेने माणसं दगावल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ साली त्याची ग्राहकांना होणारी विक्री बंद केली. आता उरतं ते मुख्यतः पात्याने खरवडणं आणि घासणं, आणि तेही अर्ध्या दिवसाचं काम नव्हे. म्हणून एकदा रंगवलेला ओटा पुन्हा रंगवण्यापेक्षा बहुतेक लोक तो बदलतात.

मग पर्याय काय? जुन्या लॅमिनेटवरच घासून, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने नवं लॅमिनेट चिकटवता येतं, आणि कड राउटरने छाटता येते. ते सगळ्या रंगांहून कितीतरी टिकाऊ, पण हाताला सराव लागतो. अमेरिकेत हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत तयार लांबीचे, वळवलेल्या कडेचे लॅमिनेटचे ओटे मिळतात. सरळ भिंतीच्या छोट्या स्वयंपाकघराला ते रंगाच्या किटपेक्षा फार महाग पडत नाहीत. भाड्याच्या घरात व्हिनाइलचा चिकटकागद पुरे, आणि तोही घरमालकाला विचारूनच. दगडाचं गणित अगदी वेगळं, ते ज्यांना परवडतं त्यांना हा लेख वाचायची गरज नाही. रंगाच्या बाजूने मात्र एक वजनदार मुद्दा आहे. लॅमिनेट वितळवून पुन्हा वापरता येत नाही, काढलेला ओटा कचऱ्यातच जातो. जो ओटा शाबूत आहे, तो आणखी पाच-सात वर्षं वापरणं हे नुसत्या काटकसरीपेक्षा मोठं काम आहे.

महाराष्ट्रात या साऱ्याचा उपयोग ओट्यापेक्षा शटरांना आणि वॉर्डरोबना अधिक आहे. उभ्या पृष्ठभागावर पाणी साचत नाही, भांडं ठेवलं जात नाही, सुरी चालत नाही. तीच तयारी, तेच अस्तर आणि वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा फवारा, एवढ्यात जुन्या सनमायकेची दारं वर्षानुवर्षं टिकतील अशी होतात. दोन घटकांच्या पीयूच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे अपायकारक रसायन असतं, तेव्हा ते काम राहत्या घरात करू नये. दारं काढून कार्यशाळेत पाठवावीत. पावसाळा टाळावा, कारण दमट हवेत पाण्यातले थर वाळता वाळत नाहीत. आणि हाताशी चांगला सुतार असेल तर जुनं घासून नवी एक मिलिमीटरची, आयएस २०४६ चा शिक्का असलेली सनमायका चिकटवणं आपल्याकडे पुष्कळदा रंगापेक्षा शहाणपणाचं ठरतं. अमेरिकेत मजुरी महाग म्हणून लोक स्वतः ब्रश हातात घेतात. ते कारण पुण्या-नाशकात तितकं लागू होत नाही.

तेव्हा ज्यांना ओटा रंगवायचाच आहे त्यांना एक विनंती. किट आणण्याआधी डब्यांमागे झाकला जाणारा हातभर भाग निवडा. तिथे धुण्यापासून वरच्या थरापर्यंत सगळं काम करा आणि महिनाभर थांबा. मग त्यावर ब्लेडने जाळीसारख्या चिरा पाडून चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगांच्या चाचणीची ही जुनी, मान्य पद्धत आहे. पट्टीला रंग चिकटून आला नाही, तर उरलेल्या ओट्याला हात घाला. आला, तर ते पैसे नव्या लॅमिनेटसाठी बाजूला ठेवा.